कुलूप त्यांचे, पेटी आपली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बेळगावच्या रविवार पेठेतून किंवा निपाणीच्या बाजारातून एक फेरी मारावी. पाटावर लाल कापडी बांधणीची वही आता क्वचितच दिसते. तिच्या जागी संगणक असतो. पडद्याला कुंकू लावलेले, कळफलकावर अक्षता वाहिलेल्या. याला माझी काही हरकत नाही. ज्यात हिशेब राहतो त्याची पूजा करावी, ही रीत योग्यच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या लाल वहीत आजोबांनी लिहिलेले नातवाला वाचता येत होते. आणि येत नसेल तर वाचून देणारा कुणीतरी गाठता येत होता. या नव्या देवाच्या पोटात आपण जे घालतो आहोत, ते वीस वर्षांनी आपल्याला परत मिळेल याची हमी कुणी दिली आहे काय?

कुणीही दिलेली नाही. आणि ही हमी मागायची असते हेही आपल्या संस्थाचालकांच्या ध्यानात आलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी हिशेबतपासणीच्या धंद्यात आयुष्य घालवले. पतसंस्था, वाचनालये, शिक्षण मंडळे, देवस्थाने यांची दप्तरे पाहिली. कानडीत ‘लेक्क’ म्हणा की मराठीत ‘हिशेब’ म्हणा, त्याचा धर्म एकच : मागितला की दाखवता आला पाहिजे. दाखवता न येणारा हिशेब आणि न ठेवलेला हिशेब यांत कायद्याच्या दृष्टीने फरक असेल, पण ज्याचे पैसे अडकले त्याच्या दृष्टीने काडीचाही नाही.

आता मुद्द्याकडे येतो. संगणकावर आकड्यांचे कोष्टक मांडणारा पहिला गाजलेला प्रोग्राम म्हणजे व्हिजिकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचा तो प्रोग्राम १९७९ साली बाजारात आला. १९८३ साली आला लोटस वन-टू-थ्री, आणि त्याने सारे मैदान मारले. माझ्या पिढीच्या हिशेबनिसांचे हात लोटसवरच बसले. तिरकी रेघ दाबायची, वर मेनू यायचा, आणि पुढची अक्षरे बोटे आपोआप दाबायची. याद्यांसाठी डीबेस, कोष्टकांसाठी लोटस, अशी जोडी नव्वदीच्या दशकात गावोगाव दिसे. मागाहून मायक्रोसॉफ्टचे एक्सेल आले : १९८५ साली मॅकिंटॉशवर, १९८७ साली विंडोजवर. लोटसचे गिऱ्हाईक ओढायचे म्हणजे त्याचे जुने कागद आपल्याकडे उघडले पाहिजेत, हे एक्सेलने नेमके ओळखले होते. तेव्हा लोटसची फाइल एक्सेलमध्ये सुखाने उघडत असे. नवीन दुकानदाराने जुन्या दुकानाची उधारीची वहीसुद्धा सांभाळावी, तसा प्रकार!

मग गिऱ्हाईक आले, स्थिरावले, आणि जुने दुकान बसले. १९९५ साली लोटस कंपनी आयबीएमच्या ताब्यात गेली होतीच. एक्सेलची २००७ ची आवृत्ती आली तेव्हा तिच्यातून लोटसच्या फायली उघडण्याची सोय काढून टाकलेली होती. क्वात्रो प्रोच्या जुन्या फायलींचीही तीच गत झाली. डीबेसची दुसरी आवृत्ती हद्दपार झाली. तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीच्या फायली वाचता येत, पण त्या रूपात परत जपून ठेवता येत नसत. पुढे आयबीएमनेही २०१३ साली लोटसची विक्री थांबवली आणि २०१४ साली आधारही काढून घेतला. म्हणजे सासरचे दार बंद, आणि माहेरही उठले.

यातली सर्वांत मासलेवाईक गोष्ट सांगतो. १९०० हे लीप वर्ष नव्हते. शतकाच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप वर्ष, हे शाळेतले पोर सांगेल. पण लोटसने ते लीप वर्ष धरले होते. एक्सेलने लोटसच्या तारखांशी आपल्या तारखा जुळाव्यात म्हणून ही चूक जाणूनबुजून उचलली, आणि ती आजतागायत तिथे आहे. आजच्या एक्सेलला विचारा, तो १९०० च्या फेब्रुवारीचा २९ वा दिवस खुशाल दाखवील. लोटसची सवय असलेल्यांसाठी ती तिरकी रेघही आज चालते. म्हणजे सासऱ्याचा विसरभोळेपणा घराण्याची रीत म्हणून सांभाळला, सासऱ्याची काठी कोपऱ्यात ठेवली, आणि सासऱ्याला मात्र दाराबाहेर काढले!

जुन्या फायली बंद का केल्या, असे विचारले की तीन उत्तरे येतात. तिन्ही तपासून पाहू.

पहिले उत्तर सुरक्षेचे. जुन्या फायलींतून संगणकाला धोका असतो, म्हणून त्या उघडू देत नाही. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण याच बाबतीत घडलेला एक प्रकार पाहा. सप्टेंबर २००७ मध्ये ऑफिस २००३ साठी तिसरा सर्व्हिस पॅक निघाला. तो चढवल्यावर लोटस, क्वात्रो, कोरलड्रॉ आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्याच वर्डच्या जुन्या फायली उघडेनाशा झाल्या. पुन्हा उघडायच्या तर संगणकाच्या रजिस्ट्रीत हात घालायचा, म्हणजे साध्या कारकुनाने विजेच्या खांबावर चढण्यासारखे. कारण म्हणून फायलींचे फॉरमॅटच असुरक्षित ठरवले गेले. बोभाटा झाला, आणि जानेवारी २००८ मध्ये कंपनीला कबूल करावे लागले की दोष फॉरमॅटमध्ये नव्हता. तो वाचणारा जो आपला कोड होता त्याच्यात होता. पत्र वाचणाऱ्याची नजर अधू, आणि ठपका ठेवला पत्र लिहिणाऱ्यावर! नजर अधू असेल तर चष्मा बदलावा. पत्रे जाळणे हा उपाय नव्हे.

दुसरे उत्तर : या फायली आता वापरतो कोण? हे उत्तर देणाऱ्याने आयुष्यात कधी पेन्शनीसाठी सेवापुस्तक शोधलेले नसते. माणसाची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची. घराचे कर्ज पंधरा-वीस वर्षांचे. संस्थेतला भाग म्हणजे शेअर तर हयातभराचा, आणि पुढे वारसांचा. आणि प्रोग्रामची पिढी? पाच-सात वर्षांची. माणसाचे व्यवहार पिंपळाच्या वयाचे आणि त्यांची नोंद मात्र तेरड्याच्या पानावर, अशी ही व्यवस्था आहे. जुने दप्तर रोज कुणीच उघडत नाही. पण ज्या दिवशी ते लागते, त्या दिवशी त्याच्यावाचून दुसरे काहीच चालत नाही.

एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. तालुक्याच्या गावची एक पतसंस्था. नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण तिच्या जागी कुठलीही घालता येईल. तिथे नवा संगणक आला, नवा प्रोग्राम आला, आणि विकणाऱ्या गृहस्थाने ‘आता सगळे यात’ असे सांगून जुने यंत्र उचलून नेले. संगणक आला म्हणून सभासदांची जाड वही आधीच रद्दीत गेली होती. पुढे एक विधवा बाई नवऱ्याच्या भागांची चौकशी करायला आल्या. रक्कम भरलेली १९९३ सालची. जवळ एक पावती होती. तिची शाई उडालेली, सभासद क्रमांक तेवढा दिसत होता. कारकून म्हणाला, “मावशी, जुनी फाइल उघडत नाही. सिस्टीम बदलली.” त्या बाईंनी जे उत्तर दिले ते मी अनेक सभांतून सांगितले आहे. त्या म्हणाल्या, “बाळा, आम्ही फाइल कुठं ठेवली होती? पैसे ठेवले होते की!”

या एका वाक्यापुढे मला दुसरे उत्तर टिकताना दिसत नाही.

ती फाइल पुढे उघडली. एका सीडीवर तिची नक्कल सापडली, आणि लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ती निमूटपणे उघडली. आकडे जसेच्या तसे. क्रमांक जुळला, रक्कम सापडली. हा प्रोग्राम जगभरचे लोक मिळून चालवतात. त्यांतले कित्येक जण पदरमोड करून. त्यांना लोटसच्या फायली वाचणारा कोड लिहिता येतो, सांभाळता येतो. तेव्हा ‘शक्य नाही’ हे उत्तर खोटे आहे. खरे उत्तर ‘परवडत नाही’ हेही नव्हे. खरे उत्तर ‘आता गरज नाही’ हे आहे, आणि ही गरज आपली नव्हे, त्यांची!

आणि ही फाइल म्हणजे काही मंत्रविद्या नाही. लोटसच्या जुन्या फाइलीत एकामागून एक नोंदी असतात. प्रत्येक नोंदीच्या तोंडाशी दोन बाइट सांगतात की ही कोणत्या जातीची नोंद, पुढचे दोन बाइट सांगतात की ती किती लांब, त्यापुढे मजकूर. बस्स. आपल्या कीर्दीत तारीख, नाव, रक्कम अशी रकान्यांची ओळ असते, त्याहून हे फार अवघड नाही. ज्याला ही मांडणी ठाऊक आहे त्याला फाइल वाचता येते. म्हणून माझे म्हणणे असे की मजकूर आपला असेल तर मांडणीची रीतही आपल्याला ठाऊक असण्याचा हक्क आहे. पेटीतले दागिने आपले, पेटी आपली, पण कुलूप त्यांचे आणि किल्ली त्यांच्या मर्जीची, हा कसला व्यवहार?

आता तिसरे उत्तर : ‘वेळेवर नव्या रूपात का उतरवून घेतल्या नाहीत?’ हे उत्तर अर्धे खरे आहे, म्हणून त्याचा राग अधिक येतो. वेळ टळते आहे हे सांगणार कोण? नवा प्रोग्राम चढवताना पडद्यावर पानभर अटी येतात, त्याखाली ‘मान्य’ असे बटण असते. ‘तुमच्या अमुक अमुक फायली उद्यापासून उघडणार नाहीत, आज उतरवून घ्या’ अशी ठळक सूचना त्यात कुठे असते? औषधाच्या बाटलीवर मुदत छापावी लागते. हिशेबाच्या फाइलीवर कुणी छापलेली पाहिली आहे का?

मात्र समोरच्याचा एक मुद्दा मी प्रामाणिकपणे मान्य करतो. जुन्या फॉरमॅटला कवटाळून बसणे हेही घातक असते. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद काही दिवस गळून पडली. कारण काय, तर एका सरकारी यंत्रणेने एक्सेलचे जुने रूप वापरले होते आणि त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावतच नाही. उरलेली नावे गपचूप खाली सांडली. तेव्हा ‘जुन्यातच लिहीत राहू द्या’ असे मी म्हणत नाही. नव्यात लिहा, जुने वाचता येऊ द्या. लिहिणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडीत लिहिणे बंद झाले म्हणून मोडी कागद फेकून द्यावेत असे कुणी म्हणाले नाही.

मोडीची गोष्ट निघाली ती बरी झाली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मोडीतले एखादे बाड असेल. बेळगाव भागात आहे, बडोद्याला आहे, ग्वाल्हेर-इंदुरात आहे. गोव्यातल्या घरांत त्याच्याच शेजारी पोर्तुगीज कागद असतील. घरात वाचणारा उरला नाही हे खरे, पण कागद डोळ्यांना दिसतो, ओळ कळते, आकडा ओळखू येतो, आणि चार महिने मेहनत घेतली तर मोडी शिकता येते. त्या लिपीवर कुणा कंपनीची मालकी नव्हती. इतकेच काय, २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागाही मिळाली. व्यवहारातून उठून गेलेल्या लिपीला संगणकात घर मिळाले, आणि संगणकातच जन्मलेला १९९५ चा मजकूर मात्र बेघर!

कारण आपल्या फायलींना दुहेरी कुलूप आहे. इंग्रजीत हिशेब ठेवणाऱ्याची फाइल उघडली की काम झाले. आपले तसे नाही. भारतीय भाषांसाठी इस्की नावाची सांकेतिक पद्धत १९९१ साली राष्ट्रीय मानक झाली होती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवले की डॉसच्या प्रोग्रामांतही मराठी लिहिता येई. पण विंडोज आले आणि प्रत्येक फाँटवाल्याने आपापली वेगळी चूल मांडली. श्रीलिपीचा ‘क’ वेगळ्या क्रमांकावर, आकृतीचा वेगळ्या, आणखी कुणाचा तिसरीकडेच. फाँट असेल तर ‘कुलकर्णी’, नसेल तर रोमन अक्षरे, टिंबे आणि कंस यांची खिचडी. वर सांगितलेल्या फाइलीतही आकडे नीट आले, पण त्या बाईंच्या नवऱ्याच्या नावाच्या जागी हीच खिचडी होती. आणि आपल्या भागात तर एकाच तक्त्यात एक रकाना मराठीचा, एक कानडीचा. मराठी एका फाँटात, कानडी नुडीत नाहीतर बरहात. म्हणजे आधी फाइल उघडणारा शोधा, मग मराठी सोडवणारा शोधा, मग कानडी सोडवणारा. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्ट दोनदा सिद्ध करावी लागते, हे आपल्याला नवीन नाही. पण आता ते मेलेल्या माणसाच्या नावालाही लागू झाले आहे.

हे टाळता आले असते काय? आले असते, आणि मार्ग ठाऊक नव्हता असेही नाही. ओपनडॉक्युमेंट नावाचा खुला फॉरमॅट २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याची रचना सर्वांना उपलब्ध आहे. कुणीही तो वाचणारा प्रोग्राम लिहावा. मायक्रोसॉफ्टने आपला नवा फॉरमॅट मानक म्हणून पुढे केला तेव्हा आपल्या भारतीय मानक ब्यूरोने सप्टेंबर २००७ मध्ये विरोधी मत दिले, आणि मार्च २००८ मध्येही ते बदलले नाही. तो फॉरमॅट जागतिक मानक झालाच, ही गोष्ट वेगळी. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ई-कारभारासाठी खुल्या मानकांचे धोरणही जाहीर केले. म्हणजे दिल्लीत शहाणपण होते. ते आपल्या गल्लीतल्या पतसंस्थेपर्यंत, वाचनालयापर्यंत पोहोचले का? माझ्या पाहण्यात तरी नाही.

आणि इथे मला कंपन्यांना सोडून आपल्याच मंडळींकडे वळले पाहिजे. दूरदेशीच्या कंपनीला शिव्या देणे सोपे असते. तिला त्या ऐकूही जात नाहीत. पण आपल्या संस्थेचा संगणक विकत घेताना ठराव कुणी केला? ‘सर्वांत कमी दराचे टेंडर मंजूर’ एवढीच ओळ इतिवृत्तात कुणी लिहिली? जुने यंत्र नेऊ देताना त्यातले काय काय उतरवून घेतले याची यादी कुणी मागितली? उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो आला, पेढे वाटले. नवी इमारत बांधताना जुन्या इमारतीतली कपाटे आपण मोजून हलवतो. फायली मोजून हलवल्या काय? ज्या संस्थांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका गुळगुळीत कागदावर निघतात, त्यांच्यातल्या किती जणांना आपल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या सभासदांची यादी आज पडद्यावर दाखवता येईल?

टीका करून थांबणे हा माझा स्वभाव नाही. तेव्हा करण्यासारख्या गोष्टी सांगतो. एकीलाही फार खर्च नाही.

कुठलाही नवा प्रोग्राम चढवण्याआधी जुन्या यंत्रावरची प्रत्येक फाइल उघडून पाहावी आणि दोन रूपांत उतरवून घ्यावी : एक ओपनडॉक्युमेंटमध्ये, दुसरी साध्या मजकुरात, म्हणजे सीएसव्हीमध्ये. साधा मजकूर कुठल्याही कंपनीचा मिंधा नसतो. मात्र सूत्रे त्यात राहत नाहीत, नुसती उत्तरे राहतात. म्हणून दोन्ही हवेत. नावे युनिकोडमध्ये आणावीत, आणि ज्याने ती टाइप केली तो माणूस हयात आहे तोवर आणावीत, कारण कोणता फाँट होता हे त्यालाच आठवत असते. जुने यंत्र निदान एक वर्षअखेर पार पडेपर्यंत हलवू नये. विक्रेत्याशी करार करताना ‘आमचा सर्व मजकूर खुल्या रूपात परत मिळेल’ ही अट लेखी घालावी; ती घालायला जो कां कू करील, त्याच्याकडून घेऊच नये. आणि दर वर्षी ३१ मार्चला सभासदांची, ठेवींची व कर्जांची यादी कागदावर छापून, बांधून, पानांना क्रमांक घालून, सह्या करून कपाटात ठेवावी. हसतील ते हसोत. कागदाला वाळवी लागते हे मला ठाऊक आहे. पण वाळवी निदान सर्व गावांतले एकाच वर्षीचे दप्तर एकाच दिवशी खात नाही.

कंपन्यांकडे मागणी एकच आहे, आणि ती भीक म्हणून नव्हे तर हक्क म्हणून. ज्या मांडणीत तुम्ही लोकांना कधी काळी लिहायला लावले, ती वाचण्याची सोय कायम ठेवा. ते जमत नसेल तर मांडणी जाहीर करून मोकळे व्हा. दुसरा कुणीतरी वाचील. नव्या गाडीत जुनी चाके बसवा असे आम्ही म्हणत नाही. जुना रस्ता खणून ठेवू नका, एवढेच म्हणतो.

आणि वाचकहो, तुमच्याकडे एक मागणी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाल तेव्हा चहा-चिवडा येईपर्यंत गप्प बसू नका. तुमच्यापैकी एकाने तरी उभे राहावे आणि अध्यक्षांना नम्रपणे विचारावे : “साहेब, १९९८ सालची सभासदांची यादी आत्ता, या सभेत, उघडून दाखवता का?” पुढे काय होते ते पाहावे. यादी उघडली तर टाळ्या वाजवा. नाही उघडली तर अहवाल मंजूर करू नका.